रॅम विकत घेण्याआधी फाइल तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पान लावताना संगणक रखडला, ‘मेमरी अपुरी’ असा इशारा आला, की ‘रॅम वाढवा’ हा सल्ला ठरलेला. तो कधी कधी बरोबरही असतो. पण बऱ्याचदा मेमरी खाणारी गोष्ट फाइलमध्येच दडलेली असते. ती न शोधता रॅम वाढवली, तर पुढचा जाडजूड अंक तीही गिळून टाकतो. डीटीपी (संगणकावर पाने लावण्याचे काम) करणाऱ्या वाचकांना उपयोग होईल म्हणून तपासाचा क्रम कळवतो.

आधी मोजावे. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा आणि पाने लावायच्या सॉफ्टवेअरने घेतलेल्या मेमरीचा आकडा चार वेळा टिपून घ्या: सॉफ्टवेअर नुसते सुरू केल्यावर, फाइल उघडल्यावर, सगळी पाने शेवटपर्यंत फिरवल्यावर आणि फाइल बंद केल्यावर. शेवटचा आकडा पहिल्याइतका खाली येत नाही. त्यात बिघाड काही नाही, पुन्हा लागेल म्हणून प्रोग्रॅम थोडी मेमरी हाताशी ठेवतो. मात्र तीच फाइल उघडली-मिटली की दर खेपेला आकडा चढत असेल, तर कुठे तरी गळती आहे. अशा वेळी बाहेरून बसवलेली प्लगइन्स (जोड-प्रोग्रॅम) एकेक करून काढून बघावीत. पाने फिरवतानाच आकडा वाढत असेल, तर गुन्हेगार बहुधा फोटो.

फोटोच्या बाबतीत डिस्कवरचा आकार फसवा असतो. जेपीईजी फाइल दाबून साठवलेली असते, वापरताना ती मेमरीत पूर्ण उलगडावी लागते. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर ८-१० एमबीचा दिसेल, पण आरजीबीत (पडद्याच्या तीन रंगांत) दर पिक्सेलला ३ बाइट धरले तर उलगडल्यावर तो ७२ एमबी होतो आणि सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) ४ बाइटने ९६ एमबी. दर रंगाला ८ऐवजी १६ बिटचा असेल तर याच्या दुप्पट. आता हाच फोटो पानावर ५ सेंटीमीटर रुंदीच्या चौकटीत बसवला, की त्याचे रेझोल्यूशन ३००० पीपीआयच्या (दर इंचाला पिक्सेल) वर जाते. छपाईला लागतात ३००. म्हणजे त्या चौकटीला ५९० × ३९३ पिक्सेल पुरे, आणि आरजीबीत ते होतात जेमतेम ७ लाख बाइट. शंभरपट फरक! फोटो पानावर ओढून लहान केला म्हणजे तो हलका झाला, हा समज फार पसरलेला आहे. चौकट लहान होते, पिक्सेल तेवढेच राहतात. इनडिझाइन या पाने लावायच्या सॉफ्टवेअरच्या लिंक्स पॅनेलमध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’चा (पानावरच्या मापातल्या पीपीआयचा) रकाना सुरू करून त्यानुसार यादी क्रमाने लावा. ६००च्या पुढचे फोटो फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये मापात आणून, मूळ प्रत वेगळी राखून, पुन्हा लिंक करावेत.

त्याच पॅनेलमध्ये एम्बेड झालेले फोटोही शोधावेत. वर्डची फाइल चित्रांसकट आणली किंवा दुसरीकडून कॉपी-पेस्ट केले, की चित्रे फाइलच्या पोटात जाऊन बसतात. पडद्यावरची गुणवत्ता ‘हाय क्वालिटी’वरून ‘टिपिकल’वर आणली तर काम करताना फरक जाणवतो, छपाईवर परिणाम होत नाही. स्क्रायबस या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या प्रीव्ह्यू सेटिंगमध्ये ‘लो रेझोल्यूशन’ आहे. तिथे अनडूच्या पायऱ्यांची संख्याही कमी करता येते. इनडिझाइनमधले लाइव्ह प्रीफ्लाइट (काम चालू असताना चुका शोधणारी तपासणी) बंद करा, असेही सांगितले जाते. जरूर करा, पण त्याचा भार मुख्यतः प्रोसेसरवर असतो. मेमरीचा आकडा त्याने फारसा हलणार नाही.

महिनोन्‌महिने तीच फाइल नुसती ‘सेव्ह’ करत वापरली, की तिच्यात जुना कचरा साठतो. ‘सेव्ह ॲज’ केले की फाइल नव्याने लिहिली जाते. तरीही अडखळली तर आयडीएमएल या इनडिझाइनच्या दुसऱ्या फाइल-प्रकारात एक्सपोर्ट करून तीच परत उघडावी. मात्र नंतर मजकुराच्या ओळी सरकल्या नाहीत ना, हे पानोपान बघावे लागते. चारशे पानांचा मजकूर एकाच साखळीत जोडलेला असेल, तर प्रकरणागणिक फाइली करून इनडिझाइनच्या ‘बुक’ सोयीने बांधणे उत्तम.

काही फाइली पडद्यावर नीट चालतात आणि पीडीएफ करताना मान टाकतात. इथे पारदर्शकता तपासावी. सावल्या, धूसर कडा, एकावर एक ठेवलेली पारदर्शक चित्रे पीडीएफ/एक्स-१ए या छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारात तशीच राहू शकत नाहीत, ती सपाट करावी लागतात आणि त्या कामाला भरपूर मेमरी लागते. छापखान्याला चालत असेल तर पीडीएफ/एक्स-४ द्यावी, तिच्यात पारदर्शकता तशीच जाते. तरीही अडलेच, तर आधी निम्मी पाने एक्सपोर्ट करावीत, मग उरलेली. जो भाग अडतो त्याचे पुन्हा दोन भाग. ६४ पानांच्या अंकात या रीतीने सहा खेपांत नेमके पान सापडते. अशा पानावर पुष्कळदा हजारो बिंदूंचा एखादा व्हेक्टर नकाशा निघतो.

पेजमेकरसारखे जुने ३२ बिट प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी रॅमवर खर्च करूच नये. अशा प्रोग्रॅमला विंडोजवर साधारणतः २ जीबी, फार तर ४ जीबीच मेमरी वापरता येते, संगणकात ३२ जीबी असली तरी. इनडिझाइन २०१३च्या सीसी आवृत्तीपासून ६४ बिट आहे.

रॅम खरोखर केव्हा घ्यावी? टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात मेमरीवर क्लिक केल्यावर ‘कमिटेड’खाली दोन आकडे दिसतात: प्रोग्रॅमना दिलेली मेमरी आणि तिची कमाल मर्यादा. वरचे सगळे करूनही, नेहमीचे प्रोग्रॅम उघडे ठेवून पीडीएफ करताना पहिला आकडा दुसऱ्याला टेकत असेल, तर आधी सी ड्राइव्हवर जागा मोकळी करा आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) विंडोजच्या स्वाधीन ठेवा. इशारा येणे थांबले पण डिस्क सतत राबून काम रखडतच राहिले, तर मात्र रॅम घ्यायला हरकत नाही.

आपला विश्वासू,
मुद्रणपूर्व कामातील एक वाचक