रुग्णालयात भरतीची तारीख मिळाली की काय काय करायचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या रुग्णालयांच्या स्त्रीरोग आणि शस्त्रक्रिया विभागांत आम्ही नोकरी केली. गर्भपिशवी, पित्ताशय, हर्निया अशा ठरवून होणाऱ्या ऑपरेशनसाठी येणारी बाई घराची सगळी तयारी करून येते. पीठ दळून ठेवलेलं असतं, मुलांच्या डब्यांचं शेजारी सांगितलेलं असतं, कामवाल्या मावशींना बजावलेलं असतं. स्वतःची तयारी मात्र आदल्या संध्याकाळी पिशवी भरण्यापुरती. मग ऐनवेळी ऑपरेशन पुढे जातं, विम्याचं काम अडतं, घरी गेल्यावर टाका दुखावतो. हे टाळण्यासाठी तारीख देतानाच रुग्णालयांनी बाईच्या हातात मराठीतला एक छापील कागद द्यावा, अशी आमची मागणी आहे. त्या कागदावर जे असायला हवं ते इथे लिहीत आहोत.

सुरुवात हिमोग्लोबिनपासून. फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भपिशवीतल्या गाठींमुळे, पिशवी काढायची असते त्या बाईला महिनोन्‌महिने अंगावरून जास्त गेलेलं असतं, आणि रक्ताचा रिपोर्ट भरतीच्या आदल्या दिवशी येतो तेव्हा आकडा ८ असतो. मग रक्त चढवा नाहीतर तारीख बदला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. लोहाच्या गोळ्यांनी ते साधारण दोन-तीन आठवड्यांत १ ग्रॅम वाढतं, म्हणून तपासणी किमान महिनाभर आधी हवी. गोळी चहाच्या आगेमागे घेतली तर लोह अंगी लागत नाही. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियमची गोळी दिवसाच्या दुसऱ्या वेळी. हाताशी दिवस थोडे असतील तर शिरेतून लोह देता येतं, ते डॉक्टरांना विचारावं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या भूलतज्ज्ञांना दाखवायच्या, त्याही पाकिटासकट. डबीत काढून ठेवलेली ‘पांढरी छोटी गोळी’ कोणालाच ओळखता येत नाही. थायरॉइडची गोळी बहुतेक वेळा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू ठेवतात, काही त्या सकाळी थांबवतात, म्हणून प्रत्येकीचं नाव घेऊन विचारा. मधुमेहात डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांकडे खास लक्ष हवं. ती किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशी राहिल्यावर कीटोन नावाची आम्ल द्रव्यं वाढून रक्तातली आम्लता धोक्याइतकी वाढू शकते आणि साखर फार वाढलेली दिसत नसल्याने ते लवकर लक्षात येत नाही. ही औषधं पुष्कळदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतात, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. पाळी पुढे ढकलायची गोळी, गर्भनिरोधक गोळी, हार्मोनची गोळी ‘हे काय औषध आहे का’ म्हणून सांगायची राहून जाते. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्या मोठ्या ऑपरेशनच्या चार आठवडे आधी बंद करायला सांगू शकतात. काढे, चूर्णं, लसणाच्या कॅप्सूल हेही सांगा.

आणि मिश्री. वर्षानुवर्षे सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला नाही म्हणतात, सुनेसमोर किंवा मुलासमोर तर हमखास. मिश्रीतही निकोटिनच असतं. त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो, जखम भरायला वेळ लागतो. भूलतज्ज्ञांना एकटीने भेटायचं आहे असं म्हणायला संकोच करू नये. पूर्वी भूल दिल्यावर झालेला त्रास, हलणारा दात, कवळी, औषधाची ॲलर्जी आणि शेवटच्या पाळीची तारीख याच भेटीत सांगायची. दोन-तीन दिवस आधी ताप, खोकला किंवा लघवीला जळजळ सुरू झाली तर तेव्हाच फोन करा.

उपाशी राहण्याबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो. फोनवर ‘रात्री बारानंतर काही नाही’ एवढंच सांगितलं जातं आणि घरातलं कोणीतरी सकाळी मायेने साबुदाण्याची खिचडी नाहीतर कपभर दूध पुढे करतं, उपवासाला चालतं म्हणून. इथे चालत नाही. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्यावरचा ताबा जातो, आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. तळलेल्या-तुपातल्या जेवणाला आठ तास, हलक्या खाण्याला, दुधाला आणि दुधाच्या चहाला सहा तास, साध्या पाण्याला आणि कोऱ्या चहाला दोन तास असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ऑपरेशन दुपारी दोनला असेल तर मध्यरात्रीपासून घसा कोरडा ठेवायची गरज बहुतेकींना नसते. आपला नंबर कितवा आहे आणि पाणी कधीपर्यंत प्यायचं, हे आदल्या दिवशी विचारून लिहून घ्या. मधुमेह किंवा ॲसिडिटीचा मोठा त्रास असेल तर वेळा बदलू शकतात. चुकून काही खाल्लंच तर सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, पण लपवलं तर धोका फार मोठा आहे.

दागिन्यांचं काम चार दिवस आधी उरकावं. नाकातली चमकी कित्येक वर्षं न काढल्याने तिची फिरकी गच्च बसलेली असते. ती ऑपरेशनच्या दारात ओढून काढताना नाकातून रक्त येतं, आणि तशीच ठेवली तर मास्क दाबताना किंवा घशात नळी घालताना निसटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सोनाराकडून काढून घ्या. जोडवी आणि अंगठ्या घट्ट असतील तर त्याही, कारण सलाइननंतर बोटं सुजतात आणि मग त्या कापाव्या लागतात. ऑपरेशनमध्ये कॉटरी हे विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू असेल तर तिथे चटका बसू शकतो. काचेच्या बांगड्या आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने सावकाश उतरवा, ऐनवेळी त्या वाढवायची वेळ येऊ नये. मंगळसूत्र उतरवणं मनाला लागतं, हे आम्ही जाणतो. सोनं घरीच ठेवून साधी काळी पोत घालून यावं आणि आत जाताना ती आपल्या माणसाच्या हातात द्यावी. नखांचं पॉलिश दहाही बोटांचं काढा आणि त्या महिन्यात बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा नखातून प्रकाश पाठवतो, गडद रंगाने आकडा चुकू शकतो. शिवाय नखं निळसर पडताहेत का, हे डोळ्यांनीही पाहायचं असतं.

घरी ब्लेड लावून पोटाखालचे केस काढून येऊ नये. बारीक कापे पडतात आणि त्यातून जंतू शिरतात. गरज असली तर रुग्णालयात ऑपरेशनच्या आधी मशिनने केस बारीक करतात. आदल्या रात्री किंवा सकाळी साबण लावून अंघोळ करा. केसांना तेल नको, दोन सैल वेण्या घाला म्हणजे उताणं झोपल्यावर मानेखाली गाठ येत नाही. पाळी आली म्हणून बहुतेक ऑपरेशनं थांबत नाहीत, पण नर्सला सांगा. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन आत राहता कामा नये.

पिशवीत काय भरायचं यापेक्षा परकर आणि सलवार का नकोत, हे आधी समजून घ्यावं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं मुख्य छिद्र बेंबीजवळ असतं आणि नाडी नेमकी तिथेच बांधली जाते. सिझेरियनची किंवा पोट उघडून गर्भपिशवी काढल्याची आडवी चीर बहुधा ओटीपोटावर खालच्या बाजूला असते, तिथे नेहमीच्या निकरचं इलॅस्टिक काचतं. म्हणून समोरून बटणं असलेले तीन-चार सैल सुती गाउन आणि कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या, एक माप मोठ्या निकरी. मोठ्या आकाराचे सॅनिटरी पॅड दोन पाकिटं, कारण गर्भपिशवी काढल्यावरही काही दिवस थोडं अंगावरून जातं. स्ट्रॉ असलेली पाण्याची बाटली हवी, पडल्यापडल्या भांड्याने पाणी पिता येत नाही. चपला वापरातल्या, न घसरणाऱ्या. चष्म्याचं घर नाव घालून आणा. एक छोटी, जरा टणक उशी आणा. खोकताना, शिंकताना, उठताना ती पोटावर दाबून धरली की टाक्यांवर ताण येत नाही, आणि गाडीतून घरी जातानाही तिचाच उपयोग होतो. तीन चेंडूंचा स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं उपकरण, लागणार असेल तर तो आधीच घेऊन घरी सराव करा. ऑपरेशननंतर दुखत असताना शिकायला जड जातं.

बाळंतपणासाठी जाणाऱ्यांनी छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पिशवी भरून ठेवावी आणि तपासणीचं कार्ड तिच्यातच ठेवावं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत ॲन्टी-डीचं (पुढच्या बाळाला रक्तगटामुळे होणारा धोका टाळणारं) इंजेक्शन मिळायला हवं. सोबतच्या माणसाने ते आठवणीने विचारावं.

आता कागद. आधारवर माहेरचं नाव, पॉलिसीवर सासरचं आणि जुन्या फाइलवर घरात हाक मारायचं नाव, हा घोळ बायकांच्याच बाबतीत होतो आणि विम्याची मंजुरी त्यावर अडते. भरतीचा अर्ज पॉलिसीवरच्या नावानेच भरा आणि विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा आणि प्रमाणात कपातीची अट आहे का, ते खोली निवडण्याआधी वाचा. मर्यादा रोज ५,००० रुपये आणि घेतलेली खोली ८,००० ची असेल, तर फक्त वरचे ३,००० आपले असं होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांच्या रकमाही पाच-अष्टमांशच मंजूर होतात. त्या ८०,००० असतील तर ३०,००० खिशातून जातात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट (शरीरात बसवायच्या वस्तू) यांना ही कपात लागू नसते. गर्भपिशवी, हर्निया, पित्ताशय यांना बऱ्याच पॉलिसींत प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ त्यांचा खर्च मिळत नाही, तोही पाहा. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि घरी सोडतानाच्या बिलावर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भरतीआधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर न्या. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका दिवसात मिळत नाही, म्हणून तारीख मिळाल्याबरोबर अर्ज करा.

संमतिपत्राबद्दल आम्हाला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिची स्वतःची असते. नवऱ्याची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. त्या भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भपिशवी आणि अंडाशय काढले गेले, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना अशी संमती न्यायालयाने ग्राह्य मानली नाही. तेव्हा ‘पिशवी काढायची’ एवढ्यावर थांबू नका. फक्त गर्भाशय की नळ्याही, अंडाशय ठेवणार की काढणार आणि का, गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवून भागणार नाही का, हे विचारा. पाळी चालू असताना दोन्ही अंडाशय काढले की एकदम रजोनिवृत्ती येते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. संमतिपत्र मराठीत मागा, स्ट्रेचरवर न करता आदल्या दिवशी वाचून सही करा, मोकळ्या जागा भरल्याशिवाय करू नका. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत दुसरी स्त्री असावी, हा रुग्णाचा हक्क आहे.

परत आल्यावरचं घरही आधीच लावून ठेवावं. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. भरलेली बादली १५ किलोच्या पुढे जाते, भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास. पाणी भरणं, सिलिंडर बदलणं, गाद्या उचलणं ही कामं कोणी करायची ते नावानिशी ठरवा, आणि रोजचे डबे-भांडी ओट्याच्या उंचीवर आणून ठेवा. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. पुण्यात बाई दुचाकीवर मागे बसूनच घरी निघते, तसं करू नका. स्पीडब्रेकरवरचा प्रत्येक दणका टाक्यांना बसतो. गाडी सांगा. भरतीची किंवा घरी जाण्याची तारीख गणपती विसर्जनाच्या किंवा पालखीच्या दिवशी येत असेल तर बंद रस्ते पाहून आदल्या दिवशीच भरती होता येईल का, ते विचारा.

घरी ताप १००.४ च्या वर गेला, तासाला एक पॅड भिजू लागलं, दुर्गंधी येऊ लागली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि काढलेला अवयव तपासणीला पाठवला का, रिपोर्ट कोणत्या तारखेला आणि कोणत्या खिडकीवर मिळणार, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. टाके निघाले की बाई कामाला लागते आणि बायोप्सीचा रिपोर्ट न्यायचा राहून जातो. त्यात काही निघालं असेल तर उपचार वेळ न घालवता ठरवायचे असतात.

आपल्या,
पुण्यातील काही निवृत्त परिचारिका