दमदम्याहून परतल्यावर

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात प्रयागराजहून प्रतापगढ जिल्ह्यातल्या दमदम्याला जाऊन आलो. नाल्याच्या दोन फाट्यांच्या बेचक्यातली ती जागा पाहिली आणि तुमचं हरिपूरचं मळीचं रान आठवलं. मूठभर माती तळहातावर चुरडली, तर हरभऱ्याएवढा खडा नाही. नुसता मऊ गाळ.

आणि याच गाळातून मध्याश्मयुगातल्या, म्हणजे शेती सुरू होण्याआधीच्या, शिकारी माणसांची दगडी हत्यारं निघाली आहेत! नखाएवढी पाती. दगड सगळा विंध्याकडचा, गंगेपलीकडून आणलेला. म्हणूनच तुकड्या-तुकड्याची अशी काटकसर. हत्यारांचं एक वेळ समजू शकतो, पण विजू, तिथे पाटे-वरवंटेही सापडलेत. त्यांचा दगडही बाहेरचाच. रोज उठून मुक्काम हलवणारा माणूस पाट्याचं ओझं कशाला वाहील?

त्यांना इथे थांबावंसं का वाटलं असेल, तेही कळतं. गंगेनं पात्र बदललं की मागे घोड्याच्या नालेसारखे तलाव राहायचे. मासे, कासवं, पाण्यावर येणारे चितळ आणि बारशिंगे. हाडांच्या आणि बियांच्या तपासणीत आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचा हात आहे. त्या बियांत चाकवत आणि घोळ आहे. काकूंच्या परड्यातल्याच भाज्या की रे!

सराय नाहर राय ही मध्याश्मयुगातलीच दुसरी जागा तिथून फार लांब नाही. तिथल्या एका सांगाड्याच्या बरगडीत दगडी पात्याचं टोक रुतलेलं मिळालं. म्हणजे या जागांसाठी माणसं एकमेकांच्या जिवावरही उठत असावीत, असं मला वाटतं.

पण मनातून जात नाहीत त्या दमदम्याच्या कबरी. १९८२ ते १९८७ मध्ये अलाहाबाद विद्यापीठानं इथे उत्खनन केलं, त्यात ४१ मिळाल्या. लांब कुठे स्मशानात नव्हेत, वस्तीतच, चुलींच्या आसपास. काहींत दोघं एकत्र, एकीत तिघं. ज्या जमिनीवर रांधायचं, तिच्यातच आपलं माणूस ठेवायचं.

२०१९च्या पुरात पाणी उंबऱ्याला लागलं तरी काका घर सोडेनात, तेव्हा मी त्यांच्यावर फार चिडलो होतो. आजीचा शेवट याच घरात झाला, एवढंच ते म्हणत राहिले. मला ते तेव्हा उमगलं नाही. दिवाळीला येतोय, त्यांच्यापाशी बसून हे सगळं सांगायचं आहे.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिल