कॅमेऱ्याला हात न लावता: एका ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

कॅमेऱ्याला हात न लावता फोटो काढून देणाऱ्या त्या वायरलेस रिमोटबद्दल तुमचे आभार तोंडी मानून झाले आहेत, तरी हे पत्र जाहीर लिहितो आहे. हाताला कंप सुटला म्हणून कॅमेरा कपाटात ठेवून दिलेला माझ्यासारखा आणखी कुणी असेल, तर त्याच्या नजरेस हे पडावं, एवढाच हेतू.

औषधाने थरथर कमी झाली, गेली नाही. अशी थरथर सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा होते. म्हणजे शटर, सेन्सरवर उजेड सोडणारा तो पडदा, १/८ सेकंद जरी उघडं राहिलं, तरी तेवढ्यात हाताचा अर्धा ते दीड झोका होऊन जातो आणि फोटो हलतो. कॅमेरा विकून टाकावा असं ठरवून मी तुमच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आलो. तुम्ही दोन-चारदा शटर वाजवून बघितलंत, बॉडी ठणठणीत असल्याचं सांगितलंत आणि वर विचारलंत, "काका, ट्रायपॉड आहे ना? मग कॅमेऱ्याला हात लागतोच कशाला?"

ट्रायपॉड होताच. पण बटण दाबायला बोट टेकलं की २०० मिलिमीटरच्या लेन्सचं टोक डुलायचं. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर झाडाला, देवळाला, डोंगराला पुरतो. मान वळवणारा पक्षी किंवा हसणारं पोर दोन सेकंद थांबत नाही.

मग तुम्ही खणातून तो जुना वायरलेस रिमोट काढलात. स्वस्तातला, प्लॅस्टिकचा, हातात घेतला तर रिकामा वाटावा इतका हलका. माझ्या चेहऱ्यावरची शंका तुम्हाला दिसली असणार, कारण रिमोट बाजूला ठेवून तुम्ही आधी अडीच मिलिमीटरचा एक जॅक कॅमेऱ्यात घातलात. त्याच्या मागून तीन उघड्या तारा निघाल्या होत्या. पहिली आणि दुसरी तार एकमेकींना टेकवलीत, लेन्स घुर्र करून फिरली, फोकस लागल्याची टिकटिक झाली. पहिली आणि तिसरी टेकवलीत, फोटो निघाला. "झालं, यात एवढंच असतं," तुम्ही म्हणालात.

माझ्या मनातला स्वस्त-महागाचा घोळ तिथेच मिटला. फोटो लेन्सने होतो, सेन्सरने होतो, उजेडाने होतो. रिमोटने फक्त दोन तारा जोडायच्या असतात, आणि त्या कुणी जोडल्या हे कॅमेऱ्याला कळत नाही. महागाच्या रिमोटचं प्लॅस्टिक दणकट असतं, जॅक घट्ट बसतो, कधी टायमर येतो. त्याचे पैसे द्यायला हरकत नाही, पण त्याने फोटो जास्त स्वच्छ येतो असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही.

इन्फ्रारेडचा घेऊ नका, हेही तुम्हीच बजावलंत. तो टीव्हीच्या रिमोटसारखा समोरून दाखवावा लागतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याचा डोळा पुढच्या बाजूला असतो आणि कडक उन्हात तो दगा देतो. रेडिओवर चालणारा, २.४ गिगाहर्ट्‌झचा, झाडाआडूनही चालतो. शिवाय जॅक सगळ्या कॅमेऱ्यांना सारखा नसतो, म्हणून रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचा इशारा घेऊन कॅमेऱ्याला देणाऱ्या डबीची, वायर बदलता येईल असाच सेट बघावा.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. रिमोटचं बटण दोन टप्प्यांचं: अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. थरथरत्या अंगठ्याला अर्धं दाबून थांबणं कुठून जमणार! तो दाबतो, सुटतो, परत दाबतो आणि लेन्स नुसती मागेपुढे धावत राहते. तुम्ही सांगितलंत, फोकस एकदा लावून घ्या, लेन्सवरची कळ मॅन्युअलवर टाका आणि मग बेलाशक पूर्ण दाबा. हे माहितीपत्रकात कुठून असणार? ते धडधाकट अंगठ्यासाठी लिहिलेलं असतं.

बटण पुढे सरकवलं की दाबलेलंच अडकून राहतं, ही सोय तर जणू माझ्यासाठीच केलेली. रात्री कंटिन्युअस मोड, ३० सेकंदांचं एक्स्पोजर (तेवढा वेळ शटर उघडं) आणि बटण अडकवलेलं. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत बसतो. तासाभरात आकाश १५ अंश फिरतं आणि ते फोटो नंतर एकावर एक चढवले की ताऱ्यांच्या कमानी उमटतात. तेवढा वेळ माझे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात असतात.

परवा नात पत्त्यांचा बंगला रचत होती. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो होतो, रिमोट मांडीखाली, कॅमेरा समोर ट्रायपॉडवर. कॅमेऱ्यामागे कुणी नसलं की पोरं त्याच्याकडे बघतही नाहीत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिसरा मजला चढला आणि सगळं कोसळलं. तिचे डोळे विस्फारलेले, तोंडाचा चंबू, दोन पत्ते अजून हवेत. फोटो जराही हललेला नाही. इतकी वर्षं फोटो काढले, पण काढताना माणसाच्या शेजारी बसता येतं ही चैन नवीन आहे.

बारीकसारीक खूप आहे. डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे बघायच्या खिडकीला, नसला की मागून उजेड शिरतो आणि एक्स्पोजरचं गणित चुकतं. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरचा तो रबरी तुकडा त्यासाठीच असतो, हे मला दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नव्हतं. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचं हलणं सावरणारी सोय, बंद. काम झालं की रिसीव्हर बंद, नाहीतर सेल उतरतात. रिमोट आणि रिसीव्हरची जोडी जुळवणाऱ्या चॅनेलच्या त्या चार इवल्याशा कळा तुम्ही टाचणीने लावून दिल्यात, त्यांना मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

रिमोटच्या तक्रारी आहेतच. सेलचं झाकण सैल झालंय, रबरबँड लावून चालवतो. वायर जॅकपाशी वाकून वाकून आता मधूनच संपर्क तोडते, दोनदा बटण दाबलं की त्यातला एखादा फोटो निघतच नाही. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. सोल्डरिंग मात्र तुम्हीच करा, माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न देऊन कुणाचंच भलं होणार नाही.

आपला स्नेहांकित,
एक हौशी फोटोग्राफर काका