बाबांच्या नावातलं एक अक्षर

ता. राळेगाव, जि. यवतमाळ
९ सप्टेंबर २०२५

प्रिय संजय,

पोळ्याला तू येशील म्हणून आईनं पुरणाच्या दोन पोळ्या जास्तीच्या करून ठेवल्या होत्या. करीच्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला खरा, पण धारणीकडची रेंज तुला माहीतच आहे. अर्धं बोलणं कळलं, अर्धं वाऱ्यावर गेलं. मी थायलंडला शाळेत शिकवायला जातो आहे हे तुला कळलं होतं, आणि तुझा एकच प्रश्न होता, "थायलंडच काहून बे? त्या म्यानमारच्या भानगडीत तर नाही ना सापडत?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. चार दिवसांपासून पाऊस आहे, सोयाबीनमध्ये घोट्याइतकं पाणी साचलं आहे, वावरात पाय ठेवता येत नाही.

तुझी भीती खरी आहे. मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडच्या सीमेवरच्या माए सोतहून परत आणलं, ती बातमी आपण दोघांनीही वाचली होती. त्यातले कितीतरी जण नोकरीच्या आशेनं बँकॉकला उतरले आणि सीमेवरून म्यानमारमधल्या म्यावाडीच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोचवले गेले. त्यांच्यात इंग्रजी बरं येणारी शिकलेली पोरं होती, म्हणून ती बातमी मला जास्त लागली.

मलाही असा नोकरी लावून देणारा एक एजंट भेटला होता. दीड लाख मागत होता. म्हणाला, "सर, आपल्याला तिथं साठ दिवस व्हिसाच लागत नाही. तिकीट काढा, बाकीचे कागद तिथं गेल्यावर करू." साठ दिवसांची सवलत खरी आहे, जुलै २०२४ पासून ती मिळते. पण ती फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. तिच्या भरवशावर वर्गात उभं राहून शिकवलं तर ते बेकायदा काम, आणि मग माणूस ज्यानं नेलं त्याच्याच हातात राहतो. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, तो ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर तपासता येतो, आणि परवाना असला तरी ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी याच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. मी परवान्याचा नंबर मागितला. तो दुसरंच बोलू लागला, तेव्हा मी उठून आलो. तुझ्याकडे कोणी पोरगा विचारायला आला तर आधी त्याला हे सांग, बाकी सगळं नंतर.

मी तिथल्या शाळेशी थेट बोललो. तीनदा व्हिडिओवर मुलाखत झाली. तिथं आधीपासून शिकवणाऱ्या केरळच्या एका मॅडमशी दोनदा बोलणं झालं. त्यांनी वर्ग दाखवला, स्टाफरूम दाखवली, स्वतःच्या वर्क परमिटचं पान दाखवलं. मग माझा जीव थाऱ्यावर आला.

कशासाठी जायचं, हे तुला वेगळं सांगायला नको. सात वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तुझं शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून झालं, माझं नाही झालं. त्याबद्दल मनात काही नाही. पण मला शिकवायचं आहे, आणि वर्षभर एकाच वर्गाला शिकवायचं आहे.

आता कागदांचं सांगतो, कारण उन्हाळ्यापासून मी तेच करतो आहे.

सगळ्यात जास्त काय अडलं असेल तर बाबांचं नाव. देवराव. मराठीत लिहायला तीन सेकंद. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत ते जुन्या वऱ्हाडी पद्धतीनं लिहिलं आहे, मधे 'ओ' घालून. डिग्रीवर त्याच ठिकाणी 'व्ही' आहे. पासपोर्ट दहावीवरून काढला, म्हणून त्यात 'ओ'. आपल्याकडे बापाचं नाव पोराच्या नावाचाच भाग असतं, त्यामुळे परदेशातल्या माणसाला पासपोर्टवरचा प्रशांत आणि डिग्रीवरचा प्रशांत ही दोन वेगळी माणसं वाटतात. शाळेच्या बाईंनी अगदी नम्रपणे ईमेल केला, "यातले तुम्ही कोणते?"

दुसरी अडचण आईच्या मायेतून आली होती. बी.एड.च्या वर्षी घर गळलं होतं, आठवतं? पुढं डिग्री हाती आली तेव्हा ती भिजू नये म्हणून आईनं राळेगावला जाऊन लॅमिनेट करून आणली होती, स्वतःच्या निंदणाच्या पैशातून. साक्षांकनाला, म्हणजे डिग्री खरी असल्याचे सरकारी शिक्के घ्यायला, मात्र लॅमिनेट केलेला कागद चालत नाही, कारण शिक्का कागदाच्या पाठीवर बसायला हवा. कोणी म्हणालं इस्त्री फिरवून प्लास्टिक निघतं. मी हात लावला नाही. विद्यापीठात एकच अर्ज केला, नाव दुरुस्तीचा आणि नव्या प्रतीचा. आईला फक्त "नवी मिळते आहे" एवढंच सांगितलं.

त्या अर्जासाठी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा हवा होता. बाबा म्हणाले, मीपण येतो. हेडसरांनी कपाटातून दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पुठ्ठ्याला खाकी कापड चिकटवलेलं. माझी नोंद लगेच सापडली. मग बाबा हळूच म्हणाले, "सर, माह्यं बी असन का?" हेडसरांनी खालच्या खणातून त्याहून जुनं रजिस्टर काढलं आणि मिळालं. वानखडे देवराव गणपत. जन्मतारीख १ जून, त्या काळच्या निम्म्या गावाची असते तशी. शाई जांभळी, अक्षर टपोरं. बाबांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या नावाखाली बोट ठेवून प्रत्येक अक्षर वाचलं. चौथीनंतर ते त्या शाळेत मुलांना सोडायलाच गेले होते, स्वतःचं नाव त्यांनी तिथं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माह्या बापानं मास्तरले नाव सांगतलं, तवा इंग्रजी कोणाले येत होतं बाप्पा?" हेडसर काही बोलले नाहीत, मीही नाही. उताऱ्यावर शिक्का मारून त्यांनी तो बाबांच्याच हातात दिला.

नवी डिग्री यायला सव्वादोन महिने लागले. एकाच सरकारी स्टिकरवर कागद परदेशात चालतो तो अपोस्टिलचा हेग करार, थायलंड त्यात नाही, त्यामुळे एका स्टिकरवर भागत नाही. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग मुंबईला राज्य शासन, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय, आणि शेवटी थाई दूतावास. कागद दिल्लीला होता तेवढे दिवस मला नीट झोप नव्हती.

पोलिसांचा दाखला त्यामानानं सोपा गेला. पासपोर्ट सेवा केंद्राचीच ती सेवा, ५०० रुपये फी, नागपूरला ए, बी, सी अशा तीन काउंटरांवरून फिरून दोन तासांत बाहेर. आता पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही अर्ज घेतात, यवतमाळला विचारून बघायला हवं होतं. नंतर ठाण्यातून जमादार आले. पोलीस पाटलांनी त्यांना माझ्याबद्दल इतकं भरभरून सांगितलं की आई दाराआड उभी राहून रडली.

टोईकची, म्हणजे इंग्रजीची, परीक्षा दिली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना ६०० हवेत, मला ८४५ पडले. तुझ्यासोबत त्या खोलीत रात्री मोठ्यानं वाचायचो, त्याचं हे फळ आहे, मी मनापासून सांगतो.

आता एकच गोष्ट राहिली आहे. तिथल्या खासगी शिक्षण आयोगाच्या कार्यालयाकडून शाळेला मंजुरीचं पत्र मिळायचं आहे. ते आलं की 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसाचा अर्ज. यंदा जानेवारीपासून तो ऑनलाइनच भरतात, मुंबईला खेटे घालायचं काम वाचलं. तो व्हिसा ९० दिवसांचा असतो. तेवढ्यात शाळेनं वर्क परमिट काढायचं आणि मुक्काम वाढवून घ्यायचा. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. शिक्षकांची परिषद आहे, खुरुसफा, तिचा परवाना मिळेपर्यंत तात्पुरती परवानगी घेऊन शिकवता येतं. आपलं बी.एड. तिथं कामी येतं रे. इथं सात वर्षं ते फाईलमध्ये पडून होतं.

करारावर तारखेत साल २५६८ आहे. मला वाटलं छपाईची चूक. मग कळलं की ते बुद्धाच्या परिनिर्वाणापासून वर्षं मोजतात. बाबांना दाखवलं. त्यांनी तो कागद जेवण होईपर्यंत मांडीवर ठेवला. "बुद्धाच्या देशात चालला," असं ते आता बाजारात सगळ्यांना सांगतात. म्यानमारची बातमी त्यांनीही ऐकली आहे. पण शाळेच्या पत्रावर शिक्का पाहिल्यापासून ते शांत आहेत, आणि ते शांत आहेत म्हणून मीही आहे.

तुझ्याकडे एक मागणं आहे. तुझ्या शाळेत दहावीचे बोर्डाचे फॉर्म आता भरतील. फॉर्म जाण्याआधी प्रत्येक पोराला त्याचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव इंग्रजीत कसं लिहिलं आहे ते दाखव. आधारकार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळव. कोरकू पोरांच्या नावांचं तर जास्तच बघ, बाहेरून आलेला माणूस ती आपल्या कानाला लागेल तशी लिहितो. एका संध्याकाळचं काम आहे. हे मी तुझ्या हेडसरांना वेगळं लिहिणार होतो, पण तू केलंस तर ते नीट होईल, मला खात्री आहे.

दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतं. व्हिसा वेळेवर आला तर ऑक्टोबरच्या शेवटी निघेन. त्याआधी २ ऑक्टोबरला दसरा आहे. बाबांना या वर्षी माझ्यासोबत दीक्षाभूमीवर जायचं आहे, आणि त्यांनी तुझं नाव आधीच धरलं आहे. आदल्या रात्री वर्ध्यापर्यंत ये, मी स्टेशनवर असेन. आईच्या हातची आंबाडीची भाजी आणि भाकरी सोबत आणतो.

तुझा,
प्रशांत