वारा दोन्ही बाजूंचा पडला

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर धड बोलताच आलं नाही. आई, तू नुसती "बोल गं, बोलत राहा" म्हणत होतीस आणि मला रडू आवरत नव्हतं. "आम्ही सगळे सुखरूप आहोत" याच्यापुढे काही तोंडातून निघेना. म्हणून आज बसून लिहितेय.

आम्हाला कुणाला साधं खरचटलंही नाही. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढचं वाच.

चक्रीवादळाच्या रात्री दहाच्या सुमारास वीज गेली. घरात खिडकी नसलेली जागा म्हणजे मधला बोळ, तिथे गाद्या ओढून आम्ही चौघं बसलो. आई, तुझी सवय अंगात मुरलेली, त्यामुळे पाणी दुपारीच भरून ठेवलं होतं, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उशाशी. वारा घोंगावतो असं आपण म्हणतो, पण हा एकसारखा ओरडत होता, मध्ये श्वाससुद्धा न घेता. कानांना दडे बसले. आतली सगळी दारं लावून घेतली होती, त्यातल्या एकाची कडी सारखी टकटक वाजत होती. बाहेर एवढा गलका आणि माझं सगळं लक्ष त्या कडीकडे. शेवटी धाकटी उठली आणि तिनं ती कडी मुठीत धरली. तिनं धरून ठेवली तर वादळ आत येणार नाही, असं तिला वाटलं असावं. मी धरू दिली.

अडीचच्या आसपास सगळं एकदम थांबलं. पाऊस नाही, वारा नाही. थोरला दाराच्या फटीतून बघून म्हणाला, "आई, चांदण्या दिसतायत!" हे उठलेच, छपराचं काय झालं ते बघून येतो म्हणून. आणि बाबा, त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. १९९९च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाच्या बातम्या तुम्ही आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचात. वादळाला डोळा असतो, तो डोक्यावर आला की सगळं शांत होतं, माणसं फसून बाहेर पडतात आणि मग वारा उलट्या बाजूनं येतो, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलेलं. मी ह्यांचा हात धरून खाली बसवलं. पाऊण तासानं तो आला, पहिल्याच जोरानं, पण बरोबर विरुद्ध दिशेनं. ज्या अंगणात हे गेले असते, तिथे सकाळी झाड आडवं पडलं होतं. रात्रभर ते घराकडे झुकत होतं आणि पडलं उलटीकडे.

बाबा, हे तुम्हाला सांगायचंच होतं. इतकी वर्षं ते वाचून दाखवणं मी विसरलेय असं मलाच वाटत होतं.

सकाळी भिंती हिरव्या दिसत होत्या. पानांचा अगदी बारीक चुरा होऊन ओल्या भिंतींना चिकटला होता, नखानं खरवडला तरी निघेना. शेजारच्यांचं छप्पर गेलं. त्यांची एक खिडकी फुटली, वारा आत शिरला आणि त्यानं आतून छप्पर उचललं. वादळात एखादी खिडकी किलकिली ठेवावी म्हणतात ना, ते कधीही करू नका. ती माणसंही वाचली, सध्या आमच्याकडेच आहेत. देवाची कृपा म्हणायला जीभ उचलते, पण त्यांच्यासमोर म्हणवत नाही. आमचं छप्पर त्यांच्याहून पुण्यवान थोडंच होतं?

आभार मात्र मानायचेत, आणि ज्यांचे मानायचे त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. दोन दिवस आधीपासून इशारा देणारे, रात्रभर नकाशावर डोळा ठेवून बसलेले. १९९९ साली जवळपास १० हजार माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये फायलिन हे चक्रीवादळ आलं, तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि बळींचा आकडा शंभराच्याही खूप खाली राहिला. पूर्वी हे मी नुसते आकडे म्हणून वाचले असते. आता त्या आकड्यांत मला आमचा बोळ दिसतो.

एक गोष्ट काल फोन ठेवल्यावर दादाकडून कळली. आमचं वादळ सकाळी संपलं, पण टॉवर पडल्यामुळे फोन लागायला पुढचा अख्खा दिवस आणि रात्र गेली. तेवढा वेळ बाबा फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि आई, तू दर थोड्या वेळानं माझा नंबर लावून "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकत होतीस. आम्ही जिवंत आहोत हे आम्हाला माहीत होतं गं, तुम्हाला नव्हतं. मी इथे चिखल उपसत होते, शेजाऱ्यांचं सामान आणत होते, आणि तुम्ही अजून त्या रात्रीतच होतात. याचं मला फार वाईट वाटतंय.

रस्ते मोकळे झाले की आम्ही चौघंही येतो. बाबा, तोवर फोन उशाशी न ठेवता झोपा. इथला वारा पडलाय, दोन्ही बाजूंचा.

तुमची,
ताई