रात्रीच्या कॅमेऱ्याची परीक्षा दशावताराच्या मांडावर घ्या

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत कमी उजेडातल्या फोटो-व्हिडिओसाठी फुल-फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरच्या, आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांची तुलना वाचली. मराठीत हा विषय कुणीतरी हाती घेतला याचा मनापासून आनंद झाला. पण तक्त्यातला क्रम लावला होता तो आयएसओचा (थोड्या उजेडातलं चित्र कॅमेरा किती उजळवतो त्याचा) सर्वांत वरचा आकडा आणि मेगापिक्सेल पाहून. कुडाळला माझा छोटा स्टुडिओ आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मी रात्री देवळांपुढच्या मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, आमचं लोकनाट्य दशावतार टिपत असतो. कर्ज काढून कॅमेरा घेणारी आमच्याकडची पोरं हे दोन आकडे पाहून फसतात, म्हणून हे पत्र.

तीन हंगामांपूर्वी आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ स्त्रीपार्टी (बाईची भूमिका करणाऱ्या पुरुष) कलाकाराचा शेवटचा हंगाम होता. साठी उलटली होती, पण लुगडं नेसून मांडावर आले की बायकासुद्धा त्यांचं चालणं बघत राहायच्या. त्या रात्रीचा प्रवेश शोकाचा होता. पुढच्या रांगेत बसून शटरचा खटखटाट करणं मला पटेना, म्हणून नव्या कॅमेऱ्याचा सायलेंट शटर चालू केला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझ्या अज्ञानाची होती. पहाटे दहीकाला (खेळाचा शेवटचा विधी) आटोपून घरी आलो आणि फोटो संगणकावर उघडले. जवळजवळ प्रत्येक फोटोत त्यांच्या चेहऱ्यावर आडवे काळपट पट्टे. पाठीमागच्या छोट्या पडद्यावर ते मला दिसलेच नव्हते. त्या रात्रीचा धड फोटो एकच उरला, रंगपटात पिवळ्या बल्बखाली ते स्वतःचं तोंड रंगवतानाचा. पुढे ते मांडावर उभे राहिले नाहीत.

हे पट्टे का पडतात, हे त्या लेखात यायलाच हवं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात दोन चढ. साध्या एलईडीचा उजेड तिच्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. सायलेंट शटरमध्ये सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) एकदम वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. ज्या कॅमेऱ्याला पूर्ण सेन्सर वाचायला सेकंदाचा १५वा भाग लागतो, त्याचं वाचन पुरं होईतो तो उजेड सहा-सात वेळा वर-खाली झालेला असतो. तेवढेच पट्टे चेहऱ्यावर उमटतात. पेट्रोमॅक्सच्या काळात हा प्रश्न नव्हता. तारेच्या बल्बची तार तापलेली राहते, त्यामुळे तिथेही हा चढउतार फारसा जाणवत नाही.

म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न, सेन्सर किती लवकर वाचला जातो. सोनीचा ए७ ४ (ए७ ची चौथी आवृत्ती, २०२१, ३३ मेगापिक्सेल) चित्राच्या दर्जात उत्तम आहे, पण सायलेंट शटरमध्ये त्याचं वाचन साधारण १/१५ सेकंदाचं. कॅननचा आर६ मार्क २ (२०२२) आणि निकॉनचा झेड६ ३ (२०२४), दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, हेच काम सुमारे १/७० सेकंदात उरकतात. पट्टा तरीही येऊ शकतो, पण सात नाही, एखाद-दुसरा. सोनीच्या ए९ ३ (२०२३) मध्ये अख्खा सेन्सर एकाच क्षणी टिपतो, म्हणजे पट्ट्याचा प्रश्नच मिटला. पण त्याचा आयएसओ २५० पासून सुरू होऊन २५,६०० ला थांबतो. तक्त्यात क्रम लावायला आयएसओचा वरचा आकडाच धरला, तर मांडावर सर्वांत उपयोगी पडेल असा हा कॅमेरा तळाला जातो!

आता मेगापिक्सेल. सोनीच्या ए७एस ३ मध्ये (२०२०) १२ मेगापिक्सेल आहेत म्हणून तोच अंधाराचा राजा, असं लेखात होतं. व्हिडिओपुरतं मीही बऱ्याच अंशी मान्य करीन. फोटोत मात्र तसं नाही. १२ आणि ३३ मेगापिक्सेलचे फोटो एकाच आकारात छापून शेजारी ठेवा. आयएसओ ६४०० ला दाण्यांमधला (कमी उजेडात फोटोत उमटणाऱ्या बारीक ठिपक्यांमधला) फरक शोधावा लागतो, कारण दोन्ही सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचेच आणि दोघांवर पडलेला प्रकाश सारखाच. दाणे दिसतात ते मुख्यतः प्रकाश थोडा म्हणून. गेल्या पाच-सहा वर्षांतल्या फुल-फ्रेम बॉड्यांमध्ये (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांमध्ये) या बाबतीत उन्नीस-बीसचाच फरक आहे.

मोठा फरक पडतो तो लेन्सने. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. एफ/४ ची लेन्स काढून एफ/१.८ ची लावली की जवळपास पाचपट प्रकाश आत येतो. इतकी उडी बॉडी बदलून कुठेच मिळत नाही. तरी किट लेन्ससकट (सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससकट) महागडी बॉडी घेऊन येणारे तरुण मी दर हंगामात पाहतो. त्यांना मी सांगतो, वापरलेली २४ मेगापिक्सेलची बॉडी घ्या आणि उरलेल्या पैशांत ८५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्या. सायलेंट शटर बंद ठेवा आणि पखवाजाच्या थापेवर बोट दाबा. आवाज कुणाला ऐकू येत नाही आणि पट्टेही सहसा पडत नाहीत, कारण यांत्रिक पडदा सेन्सरवरून साधारण १/२५० सेकंदात सरकून जातो. (पावसाळ्यात मात्र लेन्स सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवा. कोकणात काचेला बुरशी धरायला एक आषाढ पुरतो.)

फोकसच्या आकड्यांबद्दल तर माझी तक्रारच आहे. तक्त्यात झेड६ ३ पुढे उणे १० ईव्ही, आर६ मार्क २ पुढे उणे ६.५ आणि ए७एस ३ पुढे उणे ६ असं छापलं आहे. (ईव्ही हे उजेडाचं माप. उणे आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात फोकस लागतो.) आकडे बरोबर आहेत, पण पहिले दोन एफ/१.२ लेन्स धरून दिलेले आणि तिसरा एफ/२ धरून. म्हणजे एकाला पायलीने मोजलं आणि दुसऱ्याला शेराने. एफ/४ लावून मांडापुढे बसलात तर यातला एकही आकडा तुमच्या कामाचा नाही. फोकसची खरी परीक्षा आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात होते. अंगभर काळं ल्यालेला संकासुर (असुराचं सोंग) प्रेक्षकांची फिरकी घेत अंधारातून पुढे येतो, तेव्हा कॅमेरा त्याला धरतो की मागच्या रंगीत पडद्याला, ते पाहावं. राजपार्टीचा (राजाची भूमिका करणाऱ्याचा) किरीट आणि रंगवलेल्या मिशा यांतून नवे कॅमेरे डोळा बरोबर शोधतात, हे मी आनंदाने कबूल करतो. दहा वर्षांपूर्वी हे स्वप्नातही नव्हतं.

व्हिडिओबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आता मंडळंच अख्खं आख्यान चित्रित करून मागतात. काही कॅमेऱ्यांत आयएसओच्या दोन मूळ पायऱ्या असतात. पाणी ओंजळभरच असेल तर हंड्यात ते तळाला राहतं, अरुंद तांब्यात चांगलं वर येतं आणि मोजायला सोपं जातं. सेन्सरही तसंच करतो. उजेड कमी असला की तो हंडा सोडून तांब्या घेतो. पॅनासोनिकच्या लुमिक्स एस५ २ मध्ये (२०२३) व्ही-लॉगसाठी (रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिका व्हिडिओ घेण्याच्या पद्धतीसाठी) या पायऱ्या ६४० आणि ४००० च्या आहेत. म्हणून त्यावर आयएसओ ३२०० ला काढलेला व्हिडिओ ४००० पेक्षा जास्त दाणेदार दिसतो. हे ठाऊक नसलेला माणूस काटकसर म्हणून ३२०० वर थांबतो आणि स्वतःचंच नुकसान करून घेतो. ए७एस ३ मध्ये ही वरची पायरी आणखी पुष्कळ वर आहे, म्हणून काळोखात त्याचं नाव झालं. एस५ २ मध्ये आत पंखा आहे आणि रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही, ही तीन-तीन तासांच्या आख्यानाला फार मोठी सोय. पूर्वी बहुतेक कॅमेरे अर्ध्या तासाला बंद पडत आणि नेमका युद्धाचा प्रवेश निसटायचा. सेकंदाला ६० फ्रेमने फोर-के हवं असेल तर ए७ ४ आणि एस५ २ सेन्सरचा मधला भागच वापरतात. आर६ मार्क २ पूर्ण रुंदी वापरतो. एरवी व्हिडिओसाठी २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवला की ५० हर्ट्झच्या दिव्यांचा त्रास संपतो.

अडतं ते युद्धनृत्यात. तलवारी फिरू लागल्या की १/५०० सेकंदाच्या शटरशिवाय चित्रात हात गोठत नाही आणि १/५०० ला पट्टे परत येतात. त्यातून रंग बदलणारे एलईडी ‘पार’ (रंगमंचाचे झोतदिवे) असले तर त्यांची उघडझाप विजेच्या हिशेबाने न होता स्वतःच्याच वेगाने होते. आर६ मार्क २ सारख्या काही कॅमेऱ्यांत शटर अगदी बारीक पायऱ्यांनी जुळवून घ्यायची सोय यासाठीच दिली आहे. तुलनेत तिचा उल्लेखसुद्धा नव्हता.

जत्रा भरवणाऱ्या देवस्थान समित्यांनाही आपल्या पत्रातून विनंती करतो. मांडावर नुसत्या निळ्या-जांभळ्या दिव्यांचा मारा करू नका. सेन्सरवरच्या चार ठिपक्यांतला एकच निळा टिपतो, म्हणून निळ्या उजेडात चेहऱ्यावरचं निम्मं काम वाहून जातं. ज्या कलाकाराने दोन तास आरशापुढे बसून स्वतःच्या हाताने रंगरेषा काढल्या, त्याच्यावर हा अन्याय आहे. समोरून एक पांढरा, न लुकलुकणारा दिवा असला तरी मांड उजळतो, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनाही तोंड नीट दिसतं.

आणि आपल्या समीक्षकांना आग्रहाचं आमंत्रण. पुढची तुलना खोलीतले दिवे मंद करून करू नये. कॅमेरे घेऊन येत्या कार्तिकात इकडे यावं, रात्री आडदशावतारापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत एकाच जागी बसावं. चटई माझ्याकडे आहे, बॅटऱ्या मात्र जास्तीच्या आणाव्यात.

आपला वाचक,
एक स्टुडिओवाला, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग