विहीर खोदणाऱ्या तात्यांना अनावृत आभारपत्र

नाशिक

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या भू-विज्ञान सप्ताहाच्या समारोपात आपला सत्कार करायचे ठरले होते आणि आपण तो नाकारलात. शालीचे काम नाही, नारळाशी आपले जुने वाकडे आहे आणि त्याच दिवशी एका विहिरीचे माप घ्यायला जायचे आहे, अशी तिन्ही कारणे आपण फोनवर एका दमात सांगितलीत, तेव्हा आग्रह करण्यात अर्थ उरला नव्हता. म्हणून हे पत्र. ते चारचौघांनी वाचावे यासाठी आपली परवानगी घेतली आहे आणि आपले नाव व गाव छापायचे नाही ही अटही पाळली आहे.

ऑक्टोबरमधील हा सप्ताह अमेरिकेतील भूवैज्ञानिकांच्या संस्थेने १९९८ मध्ये सुरू केला आणि आता ठिकठिकाणची महाविद्यालये तो आपापल्या परीने साजरा करतात. युनेस्कोने २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भू-विविधता दिन म्हणून जाहीर केल्यापासून त्याला आणखी एक निमित्त मिळाले आहे. खडकांचे प्रदर्शन, भित्तिपत्रके, प्रश्नमंजूषा आणि एखादे व्याख्यान हा त्याचा ठरलेला बेत असतो. यंदा मात्र निम्मे कार्यक्रम आवाराबाहेर व्हावेत असा विद्यार्थ्यांनी हट्ट धरला. त्यांच्यातील सिन्नर तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मामांची विहीर आपण खोदलेली, एवढ्या धाग्यावर आपली गाठ पडली. विहिरीविषयी शेतकऱ्यांशी दोन शब्द बोलावेत, एवढीच आमची विनंती होती. आपण बोललात फार थोडे, पण जे दाखवलेत ते आमच्या कोणत्याही तासिकेत दाखवता आले नसते.

पावसाळा नुकताच सरला होता आणि विहिरीत काठापासून हात-दोन हातांवर पाणी होते, त्यामुळे आतील थर दिसण्याची सोय नव्हती. विद्यार्थी हिरमुसले. आपण त्यांना विहिरीकडे पाठ करून कडेच्या ढिगाऱ्याकडे तोंड करायला सांगितलेत. गेल्या उन्हाळ्यात यारीने, म्हणजे विहिरीतून दगडमाती उचलणाऱ्या यंत्राने, वर काढून टाकलेला तो मलबा पावसाने स्वच्छ धुऊन निघाला होता, आणि जे सर्वांत शेवटी निघाले ते सर्वांत वर पडलेले असते, म्हणजे विहिरीचा तळ ढिगाऱ्याच्या माथ्यावर असतो, हे आपण पहारीच्या टोकाने दाखवत गेलात. पायथ्याशी काळी माती आणि पिवळट मुरूम. त्याच्यावर मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक, ज्याला दिवाळी जवळ आल्यामुळे असेल, एका मुलाने लगेच अनारशाची उपमा दिली. त्याच्या वर विटकरी रंगाची मऊ, हाताला लागणारी माती. आणि माथ्यावर काळ्या पाषाणाचे टोकदार तुकडे, ज्यांच्यावर घणाचा घाव घातला की खणखणीत आवाज येतो. कोणता थर किती परसांवर (परस हे विहिरीची खोली मोजण्याचे जुने माप) लागला हेही आपल्याला तोंडपाठ होते. मात्र जेसीबीने सपाट केलेल्या ढिगाऱ्यावर असा विश्वास ठेवू नका, त्याचा क्रम मोडलेला असतो, ही सूचना आपण न विसरता दिलीत. क्षेत्रीय कामाच्या पुस्तकांत ती मी अजून वाचलेली नाही.

या ढिगाऱ्यामागची गोष्ट विद्यार्थ्यांनी त्या दिवशी आपल्याला सांगितली. ती येथे वाचकांसाठी थोडक्यात मांडते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारताचे भूखंड आजच्या रीयुनियन बेटाच्या परिसरावरून उत्तरेकडे सरकत असताना, जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत आजचे दख्खनचे पठार तयार झाले. त्याचे क्षेत्र आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, तो आपला मांजऱ्या. मधला भाग सावकाश थंड होऊन घट्ट झाला, तो काळा पाषाण. आणि दोन उद्रेकांच्या मध्ये जेव्हा बराच काळ गेला तेव्हा वरच्या खडकाची झीज होऊन जी माती बनली तिच्यावर पुढचा लाव्हा पसरला आणि ती भाजून लाल झाली. सातमाळा रांगेतील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याच थरांमुळे. घट्ट खडकाचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. साल्हेरपासून अंकाई-टंकाईपर्यंत जिल्ह्यातील गडकोटांना तासलेले कडे आयते मिळाले त्याचे कारणही हेच.

मात्र गावकऱ्यांना ६.६ कोटी वर्षांशी फारसे देणेघेणे नव्हते, आणि ते रास्तच होते. संध्याकाळी मारुतीच्या पारावर मंडळी जमली तेव्हा पहिला प्रश्न एका बाईंनी विचारला. त्यांच्या आणि भावकीच्या विहिरीत एका बांधाचे अंतर, खोली जवळपास सारखी. तरी त्यांची विहीर होळीलाच तळ गाठते आणि शेजारची अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते, असे का? आमचे एक सहकारी सच्छिद्रता (खडकातील पोकळ्यांचे प्रमाण) आणि पार्यता (खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता) यांवर बोलू लागले होते. आपण त्यांना थांबवले नाहीत, पूर्ण ऐकून घेतलेत आणि मग त्या बाईंनाच विचारलेत की विहीर खणताना शेवटी काय निघाले होते. काळा पाषाण, त्या म्हणाल्या. शेजारच्या विहिरीत मुरूम आणि मांजऱ्या मिळून जवळपास दुप्पट जाडीचे लागले होते, हे आपल्याला ठाऊक होते, कारण ती विहीरही आपणच खोदली होती. पाणी राहते ते या झिजलेल्या, भेगाळलेल्या भागात. अखंड काळ्या पाषाणात विहीर कितीही उतरवली तरी खडकातली साठवण वाढत नाही, हौद तेवढा खोल होतो. आमच्या सहकाऱ्यांनी मग आकडा जोडला की अशा खडकातून वापरायला मिळणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच असते. पारावरच्या एका आजोबांनी तो आकडा दोनदा वदवून घेतला.

लाल मातीच्या थराबद्दल आपण जे सांगितलेत ते विद्यार्थ्यांच्या वह्यांत ठळक अक्षरांत आहे. हा थर चिकणमातीचा असल्याने पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरून पाणी आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो उघडा पडतो तिथे झरा लागतो. विहिरीत तो लागला की कडेने पाझर सुरू झाला का हे आधी पाहायचे, आणि सुरू झाला असेल तर पुढचा सुरुंग भरण्याआधी मालकाशी बोलून घ्यायचे, असा आपला शिरस्ता आहे. कित्येकदा आपण मालकाला तिथेच थांबायला सांगितले आहे. परसाच्या दराने मजुरी घेणाऱ्या माणसाने असे सांगणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे. हे आपण सांगितले नाहीत, त्या मामांनी सांगितले.

पाणाड्यांचा विषय निघणार हे उघड होते. तरुण मुले हसू लागली, तेव्हा आपण त्यांना दटावलेत. हातातला नारळ उभा राहतो की नाही यावर आपला विश्वास नाही, पण गावोगाव हिंडून ओढे, झाडे आणि जुन्या विहिरी पाहिलेल्या माणसाचा अंदाज अगदीच वाऱ्यावर नसतो, असे आपले म्हणणे पडले. मला ते पूर्णपणे पटलेले नाही. नारळाने वा कडुलिंबाच्या फांदीने भूजल सापडते याला शास्त्रीय आधार नाही आणि बोअर कोरडी गेली की कर्ज शेतकऱ्याच्याच डोक्यावर बसते, हे मी तेव्हाही बोलले आणि आजही तेच म्हणेन. परंतु कुणाची टर न उडवता तो विषय आपण पारावर बोलू दिलात, म्हणूनच ज्यांच्या बोअर कोरड्या गेल्या होत्या ते चारचौघांत तसे सांगू शकले.

एका लहान मुलाने विचारले की पुन्हा लाव्हा येईल का. त्यावर आपण माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झालात! येणार नाही, कारण ज्या उष्ण जागेमुळे तो आला ती आता हिंदी महासागरात फार दूर राहिली आहे, एवढे सांगून मीही सुटले.

रविवारी गोदाघाटावरच्या फेरीलाही आपण आलात. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढले यावरून पुराचा अंदाज सांगण्याची नाशिककरांची रीत, १९६९ च्या महापुराच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणी, २०१६ आणि २०१९ चे पूर, असे बोलणे चालले असताना आपण १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकर मंदिराच्या भिंतीवर छन्नीच्या खुणा शोधत होता. शहरातील मुलांनी या मंदिराकडे दगड म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले असावे. त्र्यंबकच्या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीतून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळतो आणि दुसऱ्या अंगाचा वैतरणेतून अरबी समुद्राला, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य नदीच्या काठावर उभे राहून सांगताना मलाही वेगळे वाटले. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्याच जिल्ह्यातील येवल्याला पाचशेच्या आसपास, ही तफावत सांगितल्यावर आपण फक्त मान हलवलीत. आपल्या सगळ्या विहिरी त्या दुसऱ्या टोकाच्या मुलखातल्या.

आता ज्या कामासाठी आपले विशेष आभार मानायचे आहेत त्याविषयी. सप्ताह संपला, पण आपण दिलेल्या माहितीवरून विद्यार्थ्यांनी त्या शिवारातील विहिरींची एक नोंदवही सुरू केली आहे. प्रत्येक विहिरीचे ठिकाण, खोली, कोणत्या परसाला कोणता थर, लाल माती लागली का, पाझर कोणत्या दिशेने येतो आणि पाणी कधी आटते, अशी तिची रचना आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु अशी विहीर प्रत्येक गावात नसते, आणि एका विहिरीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही हे तर त्या पारावरच्या बाईंनी दाखवूनच दिले. ही नोंदवही आपल्या स्मरणशक्तीवाचून होणे शक्य नव्हते. कोणत्या शिवारात किती खोलीवर काय लागते हे ज्ञान आपल्या व्यवसायाचे भांडवल आहे. ते आपण मुलांना वहीत उतरवून घेऊ दिलेत, आणि जिथे आठवत नव्हते तिथे अंदाजाने न ठोकता जागा कोरी सोडायला सांगितलीत. त्या कोऱ्या जागांवर माझा सर्वाधिक विश्वास आहे.

ढिगाऱ्यातून निवडून आपण दिलेला दगड विभागाच्या काचेच्या कपाटात ठेवला आहे. त्याच्या पोकळीतील पांढऱ्या सुयांचे झुपके स्कोलेसाइटचे असावेत आणि कडेचे फिकट गुलाबी, पेंढीसारखे स्फटिक स्टिल्बाइटचे, असे आमचे मत आहे; खात्रीसाठी तपासणी करून घेत आहोत. लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांतून खेळलेल्या गरम पाण्याने हे स्फटिक घडवले. अशा स्फटिकांसाठी नाशिक परिसरातील खाणी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, पांडवलेणीजवळच्या खाणीतील पॉवेलाइट तर विशेषच, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने पाहायला मिळतात. एवढ्या जवळ राहून आपण ते संग्रहालय पाहिलेले नाही असे कळले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आपल्याला तिथे नेण्याचा बेत आखला आहे. हा सत्कार नव्हे, तेव्हा नाही म्हणू नये. कपाटातील चिठ्ठीवर खनिजाचे नाव, शिवार आणि खोली लिहिली आहे. खोली परसांतच ठेवली असून मीटरचा आकडा तिच्याखाली बारीक अक्षरांत आहे. देणाऱ्याच्या नावाची ओळ तूर्त रिकामी आहे. ते लिहू द्यायचे की नाही हे आपण सांगावे.

नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीकडे दिली आहे आणि दुसरी आपल्या विद्यार्थिनीबरोबर आपल्याकडे पाठवत आहे. वहीतील चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात, मुलांना वाईट वाटेल याची फिकीर करू नये. विहिरी आटल्यावर मे महिन्यात उघडे पडलेले थर पाहायला विद्यार्थी पुन्हा येणार आहेत, आणि या खेपेला कसारा घाटातला, फेल्डस्पार या खनिजाच्या बोटभर लांबीच्या स्फटिकांनी भरलेला काळा दगडही ते आपल्याला दाखवायला घेऊन येतील. तेव्हा आपली यारी कोणत्या गावी लागलेली असेल ते आधी कळवावे, म्हणजे एसटीची वेळ पाहून निघता येईल.

आपली,
भू-विज्ञान सप्ताहाच्या संयोजन समितीतील एक प्राध्यापिका